पाठीमागचं बकल

३ फेब्रुवारी

वहिनी,

पाकीट उलटं करून झटकलं, आत बोटं घालून पाहिलं, शेवटी उजेडावर धरलं. दादाचा फोटो काही निघाला नाही. नणंदेला चकवायची हौस तुला लग्नाच्या दिवसापासून आहे हे मान्य, पण नवऱ्याचा एक फोटो पाठवायला काय दगड फोडावे लागतात का गं?

कसा आहे तो? अर्धांगाचा झटका येऊन वर्ष होत आलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली, पण डॉक्टर म्हणाले होते की त्याला समजतं सगळं, फक्त बाहेर येत नाही. ते आतलं आत किती साठलं असेल असं सारखं मनात येतं. किती बोलका माणूस! कुठल्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला गेला की तिथल्या रखवालदाराच्या सासुरवाडीपर्यंतची माहिती घेऊनच परत यायचा.

फोनचं तू म्हणतेस ते पटलं. माझा आवाज ऐकला की तो कासावीस होतो, डावा हात आपटतो, मग दिवसभर घास घेत नाही. तर नको फोन. कारखान्यातल्या मुली मला हसतात, या काळात पत्रं कुणाला लिहिता म्हणून. म्हटलं, प्रियकर असता तर इतकं जपून लिहिलं नसतं, भावजय आहे.

मला आता शिलाईवरून तपासणीच्या मेजावर बसवलंय. उंचावर काम करणाऱ्यांचे पट्टे माझ्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. मान मोडते, पण काम चांगलं आहे.

फोटो पाठव.

तुझी वन्सं

१४ फेब्रुवारी

वन्संबाई,

फोटोचं काय सांगू, कॅमेरा समोर धरला की तुझा दादा तोंड फिरवतो. आधीही कुठे देखणा होता, पण आता नखरे वाढलेत.

खरं सांगायचं तर नाकी नऊ आलेत गं. खुर्चीत बसवला की तो उजवीकडे कलतो, घसरतो. गेल्या आठवड्यात पडला. कपाळाला टेंगूळ आलं, बाकी काही नाही. मी हॉटेलच्या लाँड्रीत पुन्हा जायला लागलेय, अर्धाच दिवस, आणि तेवढ्यात समोरच्या आजी येऊन बसतात. पण आजींच्यानं तो सावरला जायचा नाही. त्या पडल्या तर दोघांना उचलायला मीच.

तू माणसं आभाळाला टांगून ठेवतेस, मग भावाला खुर्चीत नीट बसवायला एक पट्टा शिवशील का? छाती-पोट दोन्हीला आधार देणारा, खुर्चीच्या पाठीला बांधता येईल असा. मात्र बकल पुढे नको. पोटात रुतेल, आणि त्याचा डावा हात मेला स्वस्थ राहत नाही, दिसेल त्याच्याशी चाळा करतो. बकल मागच्या बाजूला बसव. मापं खाली लिहिलीत. पोट कमी झालंय त्याचं, जुन्या मापावर जाऊ नकोस.

वहिनी

२ मार्च

वहिनी,

पट्टा पाठवलाय. जेवणाच्या सुट्टीत बसून शिवला, कारखान्यातल्या आमच्या मोठ्या बाईंना विचारून. त्याही मधेमधे येऊन बघत होत्या, म्हणाल्या, राजासाठी शिवतेस का! म्हटलं, राजाच आहे तो आमच्याकडचा.

बाहेरची पट्टी आमचीच, क्रेनवाले वापरतात ती. तुटायची नाही, उसवायची नाही. आतून मऊ अस्तर लावलंय, कडेला दुहेरी शिलाई. बकल मागे बसवलंय आणि त्यावर कापडाची झडप, म्हणजे पाठीला टोचणार नाही.

एक सांगते. आमच्याकडे मागे बकल बसवायला सक्त मनाई आहे. पट्ट्यातल्या माणसाला ते स्वतःच्या एका हातानं उघडता आलंच पाहिजे, हा पहिल्या दिवशीचा पहिला धडा. असा पट्टा मेजावर आला असता तर मी शिवणारीच्या तोंडावर परत फेकला असता. पण दादा काही टॉवरवर चढत नाही, आणि शेजारी आजी असतात. तेव्हा तुझ्यासाठी म्हणून नियम मोडला, मोठ्या बाईंच्या नकळत. तो घसरायचा थांबला की मला कळव, म्हणजे जिवाला बरं वाटेल.

वन्सं

२० मार्च

वन्संबाई,

तुझ्या हातांना सोन्याची कडी घालायला हवीत. पट्टा असा बसलाय की विचारू नकोस. एकदाही पडला नाही. सकाळी बसवला की बसवला. घरही कसं शांत झालंय. मी निश्चिंत मनानं कामाला जाते, परत येते तेव्हा तो सोडून गेले तसाच बसलेला असतो.

तू एकटी असूनही भावासाठी इतकं करतेस, ह्याची जाण आहे मला. जेवत जा वेळेवर.

वहिनी

११ जून

वन्संबाई,

मधे लिहायला जमलं नाही. लाँड्रीत माणसं कमी, सगळं माझ्या डोक्यावर.

सोबत पट्टा परत पाठवतेय. कड उसवलीय एका बाजूला. तू तर म्हणाली होतीस क्रेनवाल्यांची पट्टी आहे! हात दाखवून अवलक्षण झालं की नाही तुझं? चेष्टा गं. पण लगेच दुरुस्त करून पाठव, टपालात पडून राहू देऊ नकोस. तोवर मी चादरीवर भागवतेय, ती सैल पडते आणि गाठ सोडायला वेळ लागतो.

वहिनी

१७ जून

वहिनी,

पट्टा समोर आहे. काल आला. मोठ्या बाईंना दाखवलेला नाही.

परत आलेले पट्टे तपासायचे, हे माझं काम. ताण कुठून आला, कशाला घासला, कापला की झिजला, हे पट्ट्यावर लिहिलेलं असतं आणि मला ते वाचता येतं. तेव्हा मला उसवलीय वगैरे सांगू नकोस.

ही कड नखानं काढलेली आहे. एकेक धागा. डाव्या बरगडीपासून मागे जेमतेम वीतभर, म्हणजे डावा हात मागे जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंत. त्याच्या पुढे हात पोचत नाही, आणि तिथून बकलापर्यंत पट्टा नवाकोरा आहे. अस्तरावर वाळलेलं रक्त आहे. त्याच्या खाली आणखी जुनं, धुतलेलं. म्हणजे तू ते पाहिलंस आणि धुतलंस.

ही पट्टी अशी व्हायला एखाद्या माणसानं रोज, दिवसचे दिवस, दुसरं काहीही न करता हेच करत बसायला हवं. अर्ध्या दिवसात हे होत नाही. शेजारी कुणी बसलेलं असताना तर नाहीच होत.

तो किती वेळ बांधलेला असतो? आजी येतात का? त्याला लघवीला कोण नेतं?

पट्टा मी परत देणार नाही. चादरही सोड. आजच्या आज. मला खूप भीती वाटतेय, वहिनी, आणि सर्वांत वाईट म्हणजे हा मी शिवलाय.

वन्सं

२४ जून

वन्सं,

उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं तुझं! वर्षातून दोनदा यायचं, दादाच्या केसांतून हात फिरवायचा, डोळे पुसायचे आणि गाडीत बसायचं. त्याला उचलायला, धुवायला, भरवायला मी. तो थुंकतो ते माझ्या अंगावर. आणि आता तू पट्टा वाचून माझी चौकशी करणार?

बांधलेला, म्हणे. पोरांना गाडीत पट्टा लावतात त्याला बांधणं म्हणतात का? त्याला चाळा आहे हे मी आधीच लिहिलं होतं. डॉक्टर म्हणाले होते हात हलता राहू दे, तर हलतोय हात. रक्त नखांचं आहे. नखं कापू देत नाही तो मला, हात ओढून घेतो.

आजी आता येत नाहीत. मुलाकडे राहायला गेल्या. तुला कळवायचं राहिलं.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पट्टा नको पाठवूस. चादर आहे माझ्याकडे आणि गाठी मारायलाही आता शिकलेय.

वहिनी

२ जुलै

वहिनी,

तुझं पत्र वाचून मी तू घातलेली बंदी मोडली आणि फोन केला. सकाळी, दुपारी, पुन्हा संध्याकाळी. दुसऱ्या दिवशीही. कुणी उचलला नाही. घरात कुणी नाही असं म्हणून मी ठेवून देणार होते, आणि एकदम लक्षात आलं की घरात तो आहे. फोन वाजतोय, तो ऐकतोय आणि त्याला उठता येत नाही. त्यानंतर मी पुन्हा फोन लावला नाही.

माझ्या आवाजानं तो कासावीस होतो म्हणालीस. मी ते प्रेम समजले. तो मला काहीतरी सांगत होता गं, आणि मी म्हटलं नको बाई त्रास, पत्रं लिहू.

परावलंबी माणसांसाठी इथे एक संरक्षण कचेरी आहे, मी तिथे जाऊन आले. नावं सांगितली नाहीत, अजून. अशा माणसांसाठी कायदा आहे हे मला उडत उडत माहीत होतं. आता नीट विचारून घेतलं, तू पण ऐक. जो मोठा माणूस स्वतःचं स्वतः करू शकत नाही त्याला मारणं, डांबणं, बांधून ठेवणं, त्याच्या खाण्यापिण्याची नि औषधाची हयगय करणं, हे सगळं गुन्ह्यात येतं. आपल्या माणसानं केलं, चांगल्या हेतूनं केलं, तरी येतं. हेतू नंतर बघतात. आणि ज्याला हे कळलंय त्यानं कळवलंच पाहिजे, गप्प बसणाराही सुटत नाही. मी ते वाक्य त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

पण पोलीस येऊन माणूस उचलून नेतात असं तुला वाटत असेल तर तसं नाही. आधी एक अधिकारी बाई येते आणि त्याच्याशी बोलते. एकट्याशी. घरातलं कुणीही खोलीत नसताना. वाचा नसेल तर हातानं, चित्रांनी, जसं जमेल तसं. मग सांभाळणाऱ्याला काय मदत लागेल तेही बघतात. दिवसा येऊन बसणारी बाई मिळते, वहिनी. तू मागितलीच नाहीस कधी.

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला आधी बाहेरून हाक मारायची, हत्यारं मग काढायची, असं दादा म्हणायचा. आत अडकलेल्याला बाहेर कुणीतरी आहे एवढं कळलं तरी धीर येतो.

तू स्वतः तुमच्याकडच्या कचेरीत जा आणि मदत माग. महिनाअखेरपर्यंत मी थांबते. तू मागितलीस तर मी तुझ्या बाजूनं उभी राहीन, देवाशप्पथ.

वन्सं

१० जुलै

वन्सं,

घरचं चव्हाट्यावर मांडू नकोस, पाया पडते तुझ्या.

सगळं सांगते, मग तुला काय करायचं ते कर. तो दिवसभर बांधलेला असतो, हो. सकाळी जाते ती संध्याकाळी येते. आजी तर तू पट्टा शिवायच्या आधीच गेल्या होत्या. एकदा असाच मोकळा सोडून गेले होते, परत आले तर न्हाणीघराच्या दारात पालथा पडलेला. कधीपासून कोण जाणे. फरशीवर गाल ठेवून माझ्याकडे बघत होता. त्या दिवशी ठरवलं, काही झालं तरी याला पडू द्यायचं नाही. पडला नाही. तेवढं मी जमवलं.

आणि सगळ्यांना सांगते की घर चालवायला कामाला जावं लागतं. खोटं आहे. अर्ध्या दिवसावर भागलं असतं. मी जाते कारण त्या इस्त्रीच्या खोलीत वाफ असते, आवाज असतो, बायका एकमेकींची उणीदुणी काढत असतात, कुणीतरी म्हणतं, काय गं, केस कापलेस वाटतं, छान दिसतायत. तिथे मी हसते. घरी कुणाशी हसू? तो बघत बसतो नुसता. दिवसभर माझ्यामागे त्याचे डोळे. मागच्या रविवारी भरवत होते, त्यानं घास बाहेर काढला, तिसऱ्यांदा. माझी नजर उशीवर गेली. एवढंच. उचलली नाही. पण गेली, आणि बराच वेळ तिथेच होती. लिहिलंय ते आता खोडत नाही.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार चाललाय माझा, आणि तू कायदे शिकवतेस. त्या कायद्यात बांधणारी येते, तशी पट्टा शिवणारीही येईल की. विचारलंस का कचेरीत? तुझी नोकरी जाईल. बकल मागे कुणी बसवलं विचारतील.

थोडे दिवस दे. मी काहीतरी करते. बाहेरची माणसं घरात आणू नकोस.

वहिनी

१५ जुलै

वहिनी,

मी कळवलं. काल सकाळी, दोघांच्या नावापत्त्यासकट.

महिनाअखेरपर्यंत थांबणार म्हणाले होते. उशीचं वाचलं आणि थांबवेना. तू ते लिहिलंस म्हणजे कुणीतरी यावं असं तुलाही वाटत होतं, असं मी धरून चाललेय. चुकत असेन तर चुकतेय.

पट्टा तिथे जमा केला. कुणी शिवला, नियम माहीत असून बकल मागे कुणी बसवलं, तेही लिहून दिलं आणि खाली सही केली. मोठ्या बाईंनाही सांगितलं. त्यांनी मला मेजावरून उठवून पुन्हा मशिनवर बसवलं. बरोबरच आहे त्यांचं.

शिव्या घालायच्या तर घाल. दार मात्र उघड.

वन्सं

३ ऑगस्ट

वन्सं,

शिव्या घालून झाल्या. तुला ऐकू आल्या नाहीत एवढंच.

ती आली. मला वाटलं होतं कुणीतरी उंच, चष्मेवाली, कडक इस्त्रीची बाई येणार. ही ठेंगणी, पायात खेळाचे बूट, खांद्याला कापडी पिशवी, जिना चढून धापा टाकत होती. पाणी मागितलं आधी. मग म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसता का? मला यांच्याशी बोलायचंय."

मी म्हटलं, "ते बोलत नाहीत."

"चालेल," म्हणाली, "मला वेळ आहे."

जिन्यात बसले. माझ्याच घराच्या बाहेर, चपला ठेवतात तिथे. आतून काही ऐकू येईना. वरच्या मजल्यावरची मुलगी येताजाता बघत होती. मनात म्हटलं, काय विचारणार ही आणि काय सांगणार तो. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याच्या मनातलं मला कळत नाही तर हिला काय कळणार?

मग तिनं मला आत बोलावलं. तुझा दादा खुर्चीत होता, मोकळा, उशा लावून सरळ बसवलेला. समोर टेबलावर चित्रं, आमच्या भिंतीवरचे दोन फोटोही काढून ठेवलेले. तिनं त्याला विचारलं, "काय बोलणं झालं ते यांना सांगू?" त्यानं डावा हात वर केला. हो म्हणजे हात वर, नाही म्हणजे मूठ, असं त्यांचं ठरलं होतं. ती थोड्या वेळापूर्वी आली आणि त्यांचं ठरलंसुद्धा. मी इतके दिवस त्याला हो की नाही विचारलंच नव्हतं, वन्सं. मीच विचारायचे आणि मीच उत्तर द्यायचे.

ती म्हणाली, "मी यांना विचारलं, बांधलेलं आवडतं का? मूठ. दुखतं का? हात वर. कुणाची भीती वाटते का? हात वर. कुणाची ते दाखवा म्हटलं."

आणि थांबली. मी टेबलाकडे बघितलं. त्याचा हात अजून माझ्या फोटोवर होता.

मी त्याला रोज न्हाऊ घालते, भरवते, त्याचं ढुंगण धुते, आणि तो मला घाबरतो. का घाबरतो तेही मला माहीत आहे. पट्ट्याशी चाळा करायचा तेव्हा त्या हातावर मारायचे मी. चापट. लहान मुलाला मारतात तशी, असं स्वतःला सांगायचे. लहान मुलाला मी कधी इतक्या जोरानं मारलं नसतं.

मग ती म्हणाली, "इथेच राहायचंय का, असंही विचारलं. हात वर केला."

आता एक बाई रोज दिवसभर येते. बांधायचं नाही अशी लेखी ताकीद मिळालीय, चूक झाली तर कोर्टात उभं राहावं लागेल. अधिकारीण या महिन्यात पुन्हा येऊन त्याला विचारणार आहे. तुला मी शत्रू समजत होते, तसंच समजत राहिले असते तर सोपं गेलं असतं.

एवढं सांग मला. माणूस ज्याला घाबरतो त्याच्याचजवळ राहायचं असं कसं म्हणतो? मला झोप येत नाही या विचारानं.

वहिनी

९ ऑगस्ट

वहिनी,

राहायला दुसरी जागा नसली की म्हणतो. दुसरी जागा आहे असं त्याला आजवर कुणी सांगितलंय? मीसुद्धा नाही. तूच बघायचीस, मी बाहेरून कौतुक करायचे, असंच ठरून गेलं होतं. त्याला वाटलं असेल, इथून हललो तर रस्त्यावरच.

कदाचित तुझ्यावर जीवही असेल. ते मी नाकारत नाही. पण दुसरा दरवाजा दिसल्याशिवाय ते कळायचं नाही, त्याला आणि आपल्यालाही.

म्हणून मी त्या बाईंना कळवलंय की माझं घर आहे. तळमजला, दोन खोल्या, चाकाची खुर्ची दारातून आत जाते, मोजून बघितलं. इथेही दिवसा येणारी बाई मिळेल, आणि मी कारखान्यातून मशिनचं काम घरी आणू शकते, आता तसंही मशिनवरच आहे. त्यांनी त्याला विचारावं. मी तिथे नको, तूही नको. नाही म्हणाला तर नाही.

आणि आला तर मला शिकव. तुझ्यावर रागावलेय, अजून कितीतरी दिवस रागावलेली असेन, पण त्याला कसं उठवायचं हे तुला येतं, मला नाही येत. आणखी एक. माझ्यावर लक्ष ठेव. तू काही जन्मजात कसाई नव्हतीस, दादा इस्पितळात होता तेव्हा त्याच्यासाठी उपाशी राहिलेली बाई तू. एकटीच्या घरात दिवसामागून दिवस गेले की माझीही नजर कुठे जाईल, कुणी सांगावं? ती कचेरी जशी मला माहीत आहे तशी तुलाही माहीत आहे. माझं काही वेडंवाकडं कळलं तर नणंद म्हणून गप्प बसू नकोस.

वन्सं

३० ऑगस्ट

वन्सं,

अधिकारीण परवा आली. मी न सांगताच जिन्यात जाऊन बसले.

या वेळी तिनं तुझ्या घराचे फोटो आणले होते, तू पाठवलेले. त्याला दाखवले, वेळ दिला. एकदा विचारलं, मग चहा प्यायली, मग पुन्हा फिरवून विचारलं. म्हणाली, घाईघाईचं उत्तर धरत नाहीत. दोन्ही वेळा त्यानं एकच सांगितलं. तो तुझ्याकडे येतोय. पुढच्या शनिवारी गाडी येईल.

ती गेल्यावर मी त्याच्यासमोर जाऊन बसले, दिवसाची बाई दाराशी उभी होती. म्हटलं, "बरं केलंत." त्यानं माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा असं झालं की मी हात हलवला आणि तो दचकला नाही. जाणार हे ठरल्यामुळे असेल.

शिकव म्हणालीस, तर लिहून घे. उठवताना उजव्या काखेत हात घालू नकोस, खांदा निखळतो. आधी सांगायचं, उठायचंय, मग त्याचा हात वर झालेला बघायचा आणि मगच उचलायचं. जेवताना पाणी पातळ नको, ठसका लागतो, डॉक्टरांनी दिलेली पूड घालून थोडं घट्ट करायचं. घास डावीकडून द्यायचा. बाहेर काढला तर तोंड भाजलं का विचार, बहुतेक वेळा तेच असतं. मला हे त्या दिवसाच्या बाईनं सांगितलं, मी फुंकर घालायला थांबायचेच नाही. दाढी रोज करत जा, त्याला आवडते, आरसा समोर धरला तर जास्त आवडते. नखं तूच काप. तुझ्या हातात हात देईल तो.

औषधं, कपडे, त्याचा जुना स्वेटर पेटीत भरलाय. लाँड्रीत मी अर्धा दिवस करून घेतलाय. उरलेल्या वेळात ती कचेरी मला एके ठिकाणी पाठवणार आहे, माझ्यासारख्या बाया तिथे बसून बोलतात म्हणे. जाईन. काय बोलायचं ते माहीत नाही.

तुझ्यावर लक्ष ठेवीन. तू सांगितलंस म्हणून, आणि आता मला कळतं म्हणून.

कधीतरी मला यावंसं वाटेल. तेव्हा आधी कळवीन. आले की मला एकदम आत घेऊ नकोस. त्याला जाऊन विचार, ती आलीय, येऊ दे का? दोनदा विचार. हात वर केला तरच दार उघड. मूठ मिटली तर मला तसं सांग, गोड करून सांगू नकोस. मी आल्या वाटेनं परत जाईन, आणि पुन्हा कधीतरी येऊन विचारीन.

वहिनी